मुंबई ते न्यूयॉर्क : किती दूर, किती वेळ

गेल्या महिन्यांत एके दुपारीं आमच्या वहिनी गहूं निवडीत बसल्या होत्या आणि आम्ही समोर वर्तमानपत्र चाळीत होतों. मान वर न करतां त्यांनीं विचारलें, “भावजी, हें न्यूयॉर्क आहे तरी किती लांब? आणि नीट सांगा. त्या वेळीं सांगितलेंत तसें नको.”

“त्या वेळीं” ह्या दोन शब्दांत काय सांठलेलें आहे तें आमच्या घरांत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. वाचकांस तें ठाऊक नसल्यामुळें अगोदर तेंच सांगणें भाग आहे.

आमचे वडील बंधु गेल्या माघांत निवर्तले. गुरुवारची रात्र होती. त्यांचा एकुलता एक मुलगा न्यूजर्सींत नोकरीस असतो. त्यास दूरध्वनि केला. तासाभरानें त्याचा उलट निरोप आला कीं, आजच्या विमानांत जागा नाहीं, शुक्रवारीं सकाळीं अकरा वाजतां न्यूयॉर्कहून सुटणारें थेट मुंबईचें विमान मिळालें आहे, त्यानें निघतों, माझ्यासाठीं थांबा. घरांतील सर्वांचे डोळे आमच्याकडे वळले. छत्तीस वर्षें ज्यानें मुलांस गणित आणि संस्कृत शिकविलें, हिशेब त्यानेंच करावयाचा. आम्हीं तो तेथल्या तेथें तोंडीं केला. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. वेग ताशीं नऊशें. म्हणजे चौदा तास. सकाळच्या अकरांत चौदा मिळविले कीं मध्यरात्रीनंतरचा एक वाजतो. पुढें मोटारीनें पुण्यास चार तास. “शनिवारीं पहाटे पांच वाजतां तो दारांत उभा असेल,” असें आम्हीं वहिनींस निक्षून सांगितलें.

भागाकार बरोबर होता, बेरीजहि बरोबर होती. न्यूयॉर्कची सकाळ आणि पुण्याची सकाळ एक नव्हे, एवढेंच आम्ही विसरलों. तेथले सकाळचे अकरा म्हणजे आपल्या रात्रीचे साडेनऊ. हा धडा आम्हीं प्रतिवर्षीं फळ्यावर वर्तुळ काढून शिकविला होता, आणि ज्या मुलास तो येत नसे त्याचा कानहि पिळला होता.

शनिवारीं पहाटे चार वाजतां वहिनी दाराशीं जाऊन बसल्या. गुरुजींना साडेपांचाची वेळ दिलेली होती. साताऱ्याचे आणि नाशिकचे आप्त रात्रभर प्रवास करून येऊन पोहोंचले होते. पांच वाजले, सहा वाजले, उजाडलें. गल्लींत मोटारीचा आवाज झाला कीं वहिनी उठून उभ्या राहात आणि दूधवाला किंवा शाळेची गाडी पाहून पुन्हां बसत. सात वाजतां आमचा नातू हातांतील फोन घेऊन आमच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “आजोबा, काकाचें विमान आतां काळ्या समुद्राजवळ आहे.” त्या क्षणीं आमची चूक आमच्या ध्यानांत आली. दाराशीं जाऊन ती वहिनींस सांगण्याचें काम आमचेंच होतें, आणि तें आम्हीं केलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मुलगा दुपारीं बाराच्या सुमारास मुंबईस उतरला आणि पावणेसहाला घरीं आला. त्या दिवसांत सूर्यास्त साडेसहाच्या आसपास असतो. अग्नि सूर्यास्तापूर्वीं दिला गेला. परंतु गाडीचें एखादें चाक वाटेंत पंक्चर झालें असतें तरी तो दिला गेला नसता, हें आम्हांस अद्याप रात्रीं आठवतें. कोणीं आम्हांस बोल लाविला नाहीं. दहा महिन्यांनीं गहूं निवडतांना “त्या वेळीं” एवढेंच काय तें निघालें.

आतां वहिनी स्वतःच निघाल्या आहेत. वर्षश्राद्ध मुलगा तिकडे करणार, आणि आईनें त्या वेळीं जवळ असावें अशी त्याची इच्छा आहे. पौषांत त्यांचें विमान आहे. तेव्हां ह्या खेपेस हिशेब नीट मांडणें प्राप्त झालें.

प्रथम अंतर. आमच्या कपाटावर पृथ्वीचा एक जुना गोल आहे. त्याच्यावर सोव्हिएट संघ अद्याप शाबूत आहे; परंतु अंतर मोजण्यास राज्यें बदलल्यानें बाध येत नाहीं. गोलाचा व्यास तीस सेंटीमीटर. वहिनींच्या शिवणाच्या डब्यांतील दोरा घेऊन त्याचें एक टोक मुंबईवर धरलें, दुसरें न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. सैल दोरा वाटेल तिकडे पडतो. ताणलेला दोरा मात्र आपण होऊन सर्वांत जवळची वाट धरतो. वहिनींची अपेक्षा अशी कीं, तो अरबस्तान, युरोप, अटलांटिक असा डावीकडे सरळ जाईल. तो गेला उत्तरेस. कच्छवरून सिंधांत, तेथून कंदाहारच्या बाजूनें तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, स्वीडन, नॉर्वेंतील ट्राँडहेम, पुढें आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घांसून लॅब्राडॉर, आणि वरून खालीं उतरत न्यूयॉर्क. “अगबाई, हा तर बर्फांतून चालला!” असें वहिनी उद्गारल्या. तें खरें आहे. मध्यावर हा मार्ग जवळजवळ ६५ व्या अक्षांशास पोहोंचतो, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदीं उंबरठ्यावर.

दोरा मोजला तो साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला. गोलाचा परिघ चौऱ्याण्णव, पृथ्वीचा चाळीस हजार किलोमीटर. त्रैराशिक मांडलें कीं साडेबारा हजार किलोमीटर येतात. भूमितीच्या सूत्रानें १२,५३० च्या आसपास निघतात. दोऱ्याचें गणित इतकें जवळ येईल असें आमच्या नातवास वाटलें नव्हतें. तो निमूटपणें पुन्हां मोजूं लागला.

मग शाळेच्या भिंतीवरील नकाशांत ही वाट दिसत कां नाहीं? ह्याचें कारण तो नकाशा. सोळाव्या शतकांत, १५६९ सालीं, मर्केटर नांवाच्या नकाशाकारानें खलाशांच्या सोयीसाठीं गोल पृथ्वी एका सपाट कागदावर अशी पसरली कीं, होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेलें जहाज त्यावर सरळ रेषेंत दिसावें. त्या सोयीचें मोल असें कीं, ध्रुवांकडील प्रदेश ताणले जाऊन फुगले. त्या नकाशांत ग्रीनलंड आफ्रिकेएवढें दिसतें. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क जोडल्यास जो मार्ग मिळतो तो १४,२०० किलोमीटरांचा होतो. म्हणजे कागदावर सरळ दिसणारी वाट गोलावर सुमारें सतराशें किलोमीटर लांबची, आणि कागदावर कमान टाकून जाणारी वाट जवळची. आम्हीं कित्येक वर्षें मुलांस पट्टीनेंच अंतरें मोजावयास लावलीं. तीं सर्व उत्तरें चुकीचीं होतीं, आणि गुण मात्र दिले गेले.

येथें संस्कृताच्या माणसास एका शब्दाविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. दोन स्थळांचे अक्षांश-रेखांश घेऊन नाविक जें अंतर काढीत त्या सूत्रास इंग्रजींत हॅव्हरसाइन म्हणतात, म्हणजे अर्धा व्हर्साइन. हा व्हर्साइन म्हणजे आमच्या सिद्धान्तग्रंथांतील उत्क्रमज्या. साइन हा शब्दहि आमच्या ‘जीवा’चाच पणतू आहे. अरबांनीं ‘जीवा’चें ‘जीब’ केलें, लिहितांना स्वर गाळले, पुढच्या वाचकानें तें ‘जैब’ म्हणजे वस्त्राचा खोळगा असें वाचलें, आणि लॅटिन भाषांतरकारानें त्याचें ‘सायनस’ करून टाकलें. ह्यावरून आमच्या पूर्वजांनीं विमानाचें गणित करून ठेवलें होतें असा दावा आम्ही मुळींच करीत नाहीं. तसा दावा करणाऱ्यांची आम्हांस भीति वाटते. शब्दानें किती प्रवास केला तेवढेंच सांगावयाचें होतें.

आतां दोऱ्याची वाट विमानास मिळते काय? क्वचितच. आकाश मोकळें दिसतें, पण त्याखालीं राज्यें आहेत आणि प्रत्येक राज्याचें आपल्या डोक्यावरील आकाशावर स्वामित्व आहे. पाकिस्तानानें २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आपलें आकाश बंद ठेवलें होतें. पुन्हां २४ एप्रिल २०२५ रोजीं भारतीय विमानांस तें बंद केलें आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्यानें वाढवीत नेली. भारतानेंहि त्यांच्या विमानांस तोच न्याय लाविला. अफगाणिस्तानावर ऑगस्ट २०२१ नंतर विमानांस मार्ग दाखविणारी नियंत्रण-व्यवस्था उरली नाहीं, म्हणून पुष्कळ कंपन्या तें टाळूं लागल्या. युक्रेनचें युद्ध २०२२ च्या फेब्रुवारींत सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेच्या विमानांस रशियाचें आकाश मिटलें, आणि त्या मार्चमध्यें युनायटेड ह्या अमेरिकी कंपनीस न्यूयॉर्कजवळील नेवार्क येथून मुंबईस येणारें आपलें विमान थांबवावें लागलें. जून २०२५ मध्यें इराणनेंहि कांहीं दिवस दारें लाविलीं. आमच्या दोऱ्याखालीं हीं बहुतेक सर्व राज्यें येतात. म्हणून मुंबईचें विमान पुष्कळदां अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेकडूनच वळसा घेतें, आणि साडेबारा हजारांचे तेरा हजार किंवा अधिक होतात. अंतर भूमिति ठरविते, वाट राजकारण.

तरीहि ही वाट आज एका उड्डाणांत संपते, हें थोडकें नव्हे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ नांवाचें विमान मुंबईहून प्रथम लंडनला निघालें तें कैरो आणि जिनीव्हा येथें थांबत. न्यूयॉर्कला त्या कंपनीचें विमान १४ मे १९६० पासून लंडनमार्गें जाऊं लागलें. मुंबईहून कोठेंहि न उतरतां थेट न्यूयॉर्क ही सेवा तिनें १ ऑगस्ट २००७ रोजीं सुरू केली. आणि ह्याहूनहि लांबचें उड्डाण आहे: सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३४९ किलोमीटर, वेळ साडेअठरा तासांहून अधिक. पृथ्वीवर ह्याला शेवट आहे. परिघ चाळीस हजार, तेव्हां कोणतींहि दोन गांवें एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरांहून दूर असूंच शकत नाहींत. पुण्याच्या बरोबर पायाखालीं, पृथ्वीच्या पलीकडे, प्रशांत महासागर आहे; तेथें जाण्याचें कोणास कारण पडत नाहीं.

वेळेचें गणित अंतराइतकें सरळ नाहीं. आपण शाळेंत नावेचीं आणि प्रवाहाचीं उदाहरणें सोडवीत असूं. तेंच येथें आहे. विमानें दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात, आणि आपल्या उत्तरेकडील मध्य अक्षांशांत त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक मोठी नदी वाहते. हिंवाळ्यांत तिचा जोर विशेष. ताशीं दीडशें-दोनशें किलोमीटर वेग ही तेथें रोजची गोष्ट. सबंध प्रवासाचा मेळ घालून वाऱ्याचा वेग सरासरी साठ धरला तरी जातांना विमानाचे नऊशें आठशेंचाळीस होतात आणि येतांना नऊशेंसाठ. साडेबारा हजारांना ह्यांनीं भागलें कीं जातांना १४ तास ५३ मिनिटें आणि येतांना १३ तास १ मिनिट. वळसा, धांवपट्टीवरील खोळंबा, चढणें-उतरणें मिळवून मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास पंधरा-सोळा तास लागतात आणि परत येण्यास चौदा-पंधरा. पुतण्या येतांना लवकर आला तो ह्या वाऱ्याच्या कृपेनें. नातवानें लगेच विचारलें कीं, जातांना जेवढें गेलें तेवढें येतांना भरून निघत असेल, नाहीं का? नाहीं. वारा मुळींच नसता तर जाणें-येणें मिळून २७ तास ४७ मिनिटें लागलीं असतीं. वाऱ्यासह २७ तास ५४ मिनिटें. सात मिनिटें बुडालीं तीं बुडालींच. उलट वाऱ्यांत आपण अधिक वेळ काढतों आणि सुलट वाऱ्यांत कमी, हें त्याचें कारण. हें उदाहरण त्यास इतकें आवडलें कीं तो तें मित्रांस घालीत फिरत आहे.

आतां घड्याळ, जेथें आम्हीं मार खाल्ला तें. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत चार नगरींची कल्पना सांगितली आहे. विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर लंका, यमकोटि, सिद्धपुर आणि रोमक. लंकेंत सूर्य उगवतो त्या क्षणीं यमकोटींत मध्याह्न, सिद्धपुरांत सूर्यास्त आणि रोमकांत मध्यरात्र. नगरी कल्पित असतील, गणित खरें आहे. आणि लंका-उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून आपलें गांव जितकें पूर्वेस किंवा पश्चिमेस असेल तितका वेळेंत फरक धरावा, ह्यास आपले ज्योतिषी देशान्तर-संस्कार म्हणत आले. पंधरा अंशांस एक तास. मुंबई ७३ अंश पूर्वेस, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेस. दोहोंमध्यें १४७ अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबानें पावणेदहा तास आणि वर तीन मिनिटें. घड्याळें मात्र साडेदहा तासांचा फरक दाखवितात. कारण आपलें घड्याळ मुंबईचें नसून मिर्झापुराजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेचें आहे, आणि तिकडचें पंचाहत्तर अंशांच्या रेषेचें. मार्चच्या दुसऱ्या रविवारीं ते लोक घड्याळ एक तास पुढें ओढतात, तें नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात; तेवढ्या काळांत फरक साडेनऊ तासांचा. मध्यरात्रीनंतर दोन वाजतां मुंबई सोडणारें विमान सोळा तासांनीं, म्हणजे आपल्या सायंकाळीं सहा वाजतां पोहोंचेल. पौषांत तेव्हां तेथें त्याच तारखेची सकाळ साडेसात असेल. तिकिटावर ह्या दोन वेळा एकाखालीं एक छापलेल्या असतात, आणि वजाबाकी करणाऱ्यास प्रवास साडेपांच तासांचा दिसतो! तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गांवची असते. ज्या घरांतील मुलें परदेशीं आहेत त्यांनीं एवढें तरी भिंतीवर लिहून ठेवावें.

ह्यांतूनच वर्षश्राद्धाचा प्रश्न निघाला, आणि वहिनींच्या मनांत मुख्य तोच होता. पंचांग येथून न्यावयाचें कीं नाहीं? शास्त्रार्थ गुरुजींनीं सांगावा, आम्ही घड्याळापुरतें बोलतों. चंद्र सूर्याच्या पुढें बारा अंश सरकला कीं तिथि बदलते, आणि तो क्षण सर्व पृथ्वीवर एकच असतो, घड्याळें निरनिराळीं. समजा, पंचांगांत एखादी तिथि सोमवारीं सायंकाळीं पांचला लागून मंगळवारीं दुपारीं चारला संपते. श्राद्धास अपराह्णीं तिथि असावी लागते. पुण्यांत सोमवारचा अपराह्ण टळलेला, म्हणून श्राद्ध मंगळवारीं. न्यूजर्सींत तीच तिथि सोमवारीं सकाळीं साडेसहाला लागते आणि मंगळवारीं पहाटे साडेपांचला संपून जाते. तेथें अपराह्ण मिळतो तो सोमवारचा. म्हणजे येथें मंगळवार तर तेथें सोमवार, आणि येथल्या पंचांगाचा वार डोळे मिटून धरणारा मुलगा तिथि उलटून गेल्यावर पिंड देईल. येथल्या पंचांगांतील वेळांतून साडेदहा तास वजा करून, तेथल्या सूर्योदयावरून अपराह्ण काढून, मग दिवस धरावा. आम्हीं तसें एका कागदावर मांडून गुरुजींना दाखविलें. त्यांनीं दोनदां तपासलें. त्यांच्याहि ध्यानांत “ती वेळ” असावी.

तो कागद वहिनींनीं पासपोर्टाच्या पाकिटांत घालून ठेवला आहे. बांधाबांध चालू आहे. मेतकूट झालें, भाजणी दळून यावयाची आहे. नातवानें त्यांस विमानांत बसल्याबरोबर मनगटावरील घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेस लावण्यास शिकविलें. त्यांनीं तें शिकून घेतलें आणि सांगितलें कीं, ह्या घड्याळाचें तसें करीन. पण भावाचें म्हणून जें जुनें घड्याळ आहे, तुमच्या दादांचें, तें पिशवींत पुण्याच्या वेळेवर चालूं द्या. आम्ही “तुमच्या दादांचें” म्हणजे कोणाचें हें समजून उठलों आणि त्या घड्याळांत नवी बॅटरी बसवून आणली.